हाताची घडी, तोंडावर बोट

1938 साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातून, फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावातून, एका वकिलाने बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांना पत्र पाठवलं. टाइप केलेली 33 पानं, आणि विषय एकच: आपला मुलगा डोनाल्ड. वर्षाचा असताना तो गाण्यांच्या चाली बिनचूक गुणगुणायचा. पुढे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची नावं त्याला तोंडपाठ झाली. पण वडील कामावरून घरी आले तरी तो मान वर करायचा नाही. ठोकळे, भांडी, जे हाती लागेल ते गरागरा फिरवत बसायचा आणि त्यात कुणी हात घातला की घर डोक्यावर घ्यायचा.

कॅनर यांच्याकडे येण्याआधी डोनाल्ड वर्षभर एका निवासी संस्थेत होता. क्षयाची बाधा होऊ शकेल अशा मुलांसाठी ती संस्था चालायची. ‘हवापालट’ म्हणून त्याला तिथे ठेवलं होतं. तिथे त्याचं वजन वाढलं. आजूबाजूला काय चाललंय याचं मात्र त्याला भान उरलं नाही, इतर मुलांत तो मिसळेना. आईवडील त्याला परत न्यायला निघाले तेव्हा संस्थेच्या प्रमुखांचं मत पडलं की मुलगा आता छान रुळलाय, त्याला आहे तसाच राहू द्या. कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. स्वमग्नतेची (ऑटिझमची) आज जी ओळख आहे तिची सुरुवात बरीचशी त्या निबंधापासून होते. त्यातलं पहिलं मूल म्हणजे डोनाल्ड. संस्थेतला तो ‘रुळलेला’ काळ त्याच्या आयुष्यातला सर्वांत वाईट काळ असावा, असं कॅनर यांनी नोंदवलं.

एकच मूल, एकच वर्ष आणि दोन निदानं. प्रमुखांनी पाहिलं ते एवढंच की मुलाचा आपल्याला त्रास होत नाही. हा घोटाळा आजही घरोघरी आणि वर्गावर्गात होतो. मूल गप्प बसलं की मोठ्यांना हायसं वाटतं आणि मोठ्यांचं ते हायसं वाटणं मुलाच्या खात्यावर जमा होतं. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ अशी आज्ञा दिल्यावर पन्नास मुलं एका क्षणात शांत होतात. त्यातलं एखादं मूल त्या क्षणी आतून काय सोसतंय, हे त्या शांततेवरून ओळखता येत नाही.

डोनाल्डची पुढची गोष्ट यापेक्षा बरी आहे. 1942 मध्ये त्याला गावापासून काही मैलांवर, लुईस नावाच्या शेतकरी नवरा-बायकोकडे राहायला ठेवलं. हे दोघं काही मानसशास्त्र शिकलेले नव्हते. त्या काळात डोनाल्डला मोजमापाचं वेड होतं. दिसेल ती वस्तू मोजायची. लुईसनी त्याला विहीर खणायला लावलं आणि ती किती खोल गेली ते मोजून सांगायचं काम दिलं. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजायचा, तर त्याच्या हाती नांगर दिला आणि नांगरता नांगरता मोज म्हटलं. 1945 साली कॅनर भेटायला गेले तेव्हा हा मुलगा घोडा आणि नांगर सराईतपणे वळवताना त्यांनी पाहिला. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायचा नाद लागला, तेव्हा लुईसनी शेतातला एक तुकडा त्यांच्या दफनभूमीसाठी मोकळा करून दिला. डोनाल्डने प्रत्येक जिवाच्या नावाची पाटी लावली. पहिलं नाव माणसाचं, मधलं त्या प्राण्याच्या जातीचं आणि आडनाव यजमानांचं. म्हणजे उदाहरणार्थ, जॉन गोगलगाय लुईस.

लुईस दांपत्याने मोजणं थांबवलं नाही. मोजण्याला जागा दिली, काम दिलं आणि आपलं आडनावसुद्धा दिलं. जवळच्या खेड्यातल्या शाळेनेही त्याच्या तऱ्हा चालवून घेतल्या. डोनाल्ड पुढे महाविद्यालयात गेला, पदवीधर झाला, गावातल्या बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, एकट्याने जगभर हिंडला आणि जून 2023 मध्ये वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी वारला.

मात्र या गोष्टीवरून फार गहिवरण्यात अर्थ नाही. डोनाल्डच्या आजोळची बँक होती आणि गावात घराण्याला मान होता. कॅनर यांनी 1971 मध्ये त्या अकरा मुलांचा पुन्हा शोध घेतला, तेव्हा जी मुलं सरकारी संस्थांत गेली होती त्यांची कथा अगदी वेगळी निघाली. लहानपणी त्यांच्यात दिसलेली चमक भिंतींआड विझून गेली होती. संस्थांच्या लेखी तीही शांतच होती.

‘न्यूरोडायव्हर्जंट’ हा शब्द आता मराठी पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांतही रुळलाय. स्वमग्नता, एडीएचडी म्हणजे अवधान टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता, डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमता, अशा वेगळ्या जडणघडणीच्या मेंदूंसाठी तो वापरतात. भारतात अशी मुलं किती, याचा एक चांगला अंदाज 2018 मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये आलेल्या पाहणीतून मिळतो. पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची तपासणी झाली. त्यांत उत्तर गोवा होतं, हरियाणातलं पलवल होतं आणि हिमाचलातलं कांगडाही. ऐकू न येणं, अपस्मार यांसारख्या स्थितीही धरून मेंदूविकासाशी संबंधित नऊपैकी किमान एक अडचण साधारण आठातल्या एका मुलाला आढळली. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात चार-पाच जण. शिक्षकांना सहसा त्यातलं एकच दिसतं. जे आरडाओरडा करतं ते.

बाकीची कुठे असतात? बरीचशी अभिनय करत असतात. 2017 साली लंडनमधल्या संशोधकांनी 92 स्वमग्न प्रौढांना विचारलं की तुम्ही स्वतःला लपवता का, आणि कसं. नजरेला नजर भिडवण्याचा सराव, दुसऱ्यांच्या हसण्याची नक्कल, आधीच पाठ करून ठेवलेली वाक्यं असं बरंच काही समोर आलं. चारचौघांत सामावून जावं, कुणाशी तरी जुळावं, यासाठी ही सगळी धडपड होती आणि तिची किंमत म्हणजे प्रचंड थकवा. स्वमग्न मुलग्यांचं आणि मुलींचं प्रमाण चारास एक असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका आढाव्याने ते तीनास एकच्या जवळ असल्याचं दाखवलं. मुली निसटतात याचं एक कारण हा अभिनय असावा असं मानतात. वर्गात ‘गुणी’ म्हणून गणली जाणारी, वही नीटनेटकी ठेवणारी, मधल्या सुट्टीत एकाच मैत्रिणीच्या मागे सावलीसारखी फिरणारी मुलगी कोण तपासायला नेणार?

मग ती घरी येते. दप्तर खाली पडतं आणि पाच मिनिटांत भडका उडतो. निमित्त काहीही पुरतं: पोळीचा तुकडा पडला, मोज्याची शिवण टोचली, आजीने नेहमीचा पेला दुसऱ्याला दिला. पालक शाळेत विचारायला जातात तर बाई सांगतात, ‘आमच्याकडे तर एकदम शांत असते हो!’ आणि शोधक नजर आईकडे वळते. घरी लाड होत असतील, शिस्त नसेल, मोबाईल देत असाल. खरं तर दिवसभर शाळेत साचलेलं सगळं घरी येऊन सांडलेलं असतं, कारण तेवढी एकच जागा तिला सुरक्षित वाटते.

या भडक्याला पालक आता मेल्टडाउन म्हणतात. तो आणि हट्ट यांतला फरक समजून घेण्यासारखा आहे. हट्टाला हेतू असतो आणि प्रेक्षक लागतात. खेळणं मिळालं की तो थांबतो, खोलीत कुणी नसलं तर ओसरतो. मेल्टडाउनमध्ये मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटलेला असतो. मागितलेली वस्तू हाती दिली तरी तो थांबत नाही. अशा वेळी उपदेश, प्रश्न, ‘शांत हो बघू’ हे सगळं त्याच्या कानावर आदळणारे आणखी आवाज ठरतात. दिवा मंद करावा, बघे पांगवावेत, धारदार वस्तू बाजूला साराव्यात, जवळ पण अंगाला न लागता बसावं आणि बोलू नये. समजावणं दुसऱ्या दिवशी. तेही मुलाला त्यातलं काही आठवत असेल तर.

चुळबुळीची गोष्टही अशीच. एडीएचडी असलेल्या मुलाला नीट बसवलं की त्याचं लक्ष लागेल, हा समज इतका पक्का आहे की कुणी तो तपासून पाहायच्या भानगडीत पडत नाही. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातल्या मार्क रॅपोर्ट आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांना डोक्यात माहिती धरून ठेवायची कामं दिली आणि त्यांची हालचाल मोजली. 2015 मध्ये आलेला निष्कर्ष असा, की एडीएचडी असलेली मुलं जास्त हलली तेव्हा त्यांचं काम जास्त चांगलं झालं. इतर मुलांचं उलट. त्याआधी 2007 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी मेंदूच्या चित्रांवरून दाखवलं होतं, की सेरेब्रल कॉर्टेक्सच्या बऱ्याचशा भागाची जाडी कमाल टप्प्याला पोचण्याचं मधलं वय इतर मुलांत साडेसात, तर एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहा वर्षं होतं. विकासाचा क्रम तोच, वेळापत्रक मात्र जवळपास तीन वर्षं मागे. दहा वर्षांच्या मुलाला ‘घोडा झालास आता’ म्हणताना हे आकडे आठवावेत. खुर्चीच्या पायांना बांधलेला एक रबरी पट्टा, पाय हलवत राहायला, किंवा फळा पुसायचं काम, यांनी जे साधतं ते ओरडून साधत नाही.

2007 सालच्या ‘तारे जमीन पर’ या हिंदी चित्रपटाने डिस्लेक्सिया महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचवला. त्यात बोर्डिंगला धाडल्यावर छोटा नायक ईशान चित्रं काढणंच सोडतो, निमूट होतो, हे दृश्य या प्रकरणाच्या दृष्टीने शेवटच्या स्पर्धेपेक्षा महत्त्वाचं. शेवटी तो चित्रकलेत पहिला येतो म्हणून प्रेक्षकांचा जीव भांड्यात पडतो. पण खऱ्या वर्गातल्या सगळ्याच मुलांत असा लपलेला चित्रकार नसतो, आणि नसला म्हणून त्यांचा सन्मानाने वागवलं जाण्याचा हक्क कमी होत नाही.

‘तुला काय होतंय? सांग ना!’ हा प्रश्न आया कळकळीने विचारतात आणि ‘माहीत नाही’ हे उत्तर ऐकून खचतात. मूल लपवतंय असं त्यांना वाटतं. अनेकदा त्याला खरोखरच माहीत नसतं. स्वतःच्या भावना ओळखून त्यांना नाव देणं अवघड जाण्याच्या स्थितीला अलेक्सिथायमिया म्हणतात. 2019 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर ती जवळजवळ निम्म्या स्वमग्न व्यक्तींत आढळली, इतरांत साधारण पाच टक्क्यांत. अशा मुलाला ‘राग आलाय की वाईट वाटतंय?’ विचारण्याऐवजी शरीराकडे न्यावं लागतं. पोट घट्ट झालंय का? कान गरम लागतात का? दात आवळले गेलेत का? एक ते पाच आकड्यांची पट्टी दप्तरात ठेवून ‘आत्ता कितीवर आहेस?’ विचारलं, तर शब्द न सापडणारं मूलही बोट ठेवू शकतं. पट्टीवर ‘चार’ आला की काय करायचं, हे मात्र शांत वेळी ठरवून, कागदावर लिहून ठेवलेलं हवं. चारवर पोचलेल्या मुलाला नवं काही शिकवता येत नाही.

घरात मोठ्यांचं वागणं बदलल्याने काय होतं, याचा एक नेटका प्रयोग गोव्यात आणि पाकिस्तानात झाला. मानसिक आरोग्यावर काम करणारी ‘संगत’ ही गोव्यातली संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीतला एक गट यांनी मँचेस्टरचे डॉ. जोनाथन ग्रीन आणि सहकाऱ्यांनी आखलेली पद्धत दक्षिण आशियासाठी बेतून घेतली. मदतीला तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते होते. दोन ते नऊ वर्षांची 65 स्वमग्न मुलं आणि त्यांचे पालक, त्यांतल्या साधारण निम्म्या कुटुंबांसाठी सहा महिन्यांत बारा बैठका. आई जमिनीवर बसून मुलाशी खेळते, त्याचं चित्रीकरण होतं, मग आई आणि कार्यकर्ती ते एकत्र पाहतात. पाहताना थांबायचं ते चुका दाखवायला नव्हे, जमलेल्या जागा दाखवायला. हे बघा, इथे तुम्ही दोन क्षण थांबलात आणि त्याने तुमच्याकडे पाहिलं.

या पद्धतीचा गाभा म्हणजे मुलाच्या मागे जाणं. मूल गाडीचं चाक फिरवतंय, तर आपणही चाकाबद्दलच बोलायचं. ‘हा कुठला रंग? किती चाकं? गाडीला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?’ ही घरगुती तोंडी परीक्षा बंद. 2016 मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त निष्कर्ष आले. पालकांचा मुलाशी जुळून घेणारा प्रतिसाद बराच वाढला आणि मुलं स्वतःहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत लक्ष घालण्याचा वेळ मात्र कमी झाला, हे अनपेक्षित होतं आणि संशोधकांनी ते दडवलं नाही.

मूळ ब्रिटिश चाचणीतल्या 152 मुलांपैकी 121 मुलांना सुमारे सहा वर्षांनी पुन्हा पाहिलं. स्वमग्नतेच्या लक्षणांची तीव्रता मदत मिळालेल्या गटात कमी राहिली होती. चिंता, उदासी आणि शाळेत जायला नकार यांसारखे त्रास मात्र दोन्ही गटांत सारखेच होते. हा निष्कर्ष फारसा सांगितला जात नाही, पण पालकांनी तो ऐकायलाच हवा. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, रेमेडियल वर्ग यांच्या फेऱ्यांतून मूल बोलू लागलं, लिहू लागलं, तरी त्याचं मन आपोआप बरं होत नाही. त्याची वेगळी काळजी घ्यावी लागते. 2011 साली 31 अभ्यासांचा आढावा घेतला गेला, त्यानुसार स्वमग्न मुला-किशोरांपैकी साधारण 40 टक्क्यांना कुठला ना कुठला चिंताविकार होता.

मराठी घरात या काळजीचं रूप बरंच व्यवहारी असतं. शाळेतून आल्यावरचा पहिला अर्धा तास प्रश्नांविना जावा. हातात खायला द्यावं, पंख्याखाली किंवा चादरीच्या तंबूत पडू द्यावं, ‘आज काय शिकवलं?’ रात्री विचारावं किंवा विचारूच नये. उद्या क्लासला दुसरे सर येणार असतील, तर ते आजच सांगावं. पाहुण्यांच्या पाया पडायचं की लांबून नमस्कार करायचा, हे त्याचं त्याला ठरवू द्यावं. आजोबांना वाईट वाटेल, पण आजोबा मोठे आहेत, त्यांना समजावता येतं. भेंडीची बुळबुळ सहन न होणाऱ्या मुलाला ती ‘सवय व्हावी’ म्हणून भरवण्यात कुणाचंच भलं नाही. गणपतीत ढोल-ताशा पथक आळीत शिरण्याआधी कान झाकणारे हेडफोन तयार असावेत, आणि मिरवणूक गच्चीवरून पाहण्याची मुभाही. कानांना, त्वचेला, जिभेला जास्त किंवा कमी जाणवणं हा स्वमग्नतेच्या निदानाच्या निकषांचाच भाग आहे. 2013 पासून अमेरिकन निदानपुस्तिकेत तो स्पष्टपणे लिहिलेला आहे. त्याला नखरा म्हणायचे दिवस गेले.

आईला कधी सुट्टी मिळते, हाही याच काळजीचा भाग. लग्नकार्याला जाणं सोडलेली, सोसायटीच्या बागेत जायचं टाळणारी आई हे चित्र नवं नाही. 1960च्या दशकात तर मानसतज्ज्ञ ब्रुनो बेटेलहाइमसारख्यांनी थंड, मायाहीन आयांमुळे मुलं स्वमग्न होतात असंच जाहीर केलं होतं. सिद्धांत मोडीत निघाला. टोमणे टिकले.

शाळेत एकट्या मुलाला बदलण्यावर सगळा भर असतो. ‘शॅडो टीचर ठेवा, याला मिसळायला शिकवा.’ मिसळण्याची जबाबदारी एकाच बाजूची कशी? एडिनबर्गमध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे डोळे उघडतो. एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशा आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या. काही साखळ्यांत सगळे स्वमग्न, काहींत कुणीच नाही, काहींत दोन्ही मिसळलेले. सगळे स्वमग्न असलेल्या साखळ्यांनी इतरांइतकीच गोष्ट टिकवली. गळती झाली ती मिश्र साखळ्यांत. अडचण एका माणसाच्या आत नसून दोघांच्या मध्ये आहे, हे डेमियन मिल्टन या स्वमग्न संशोधकाने 2012 पासून मांडलेलं म्हणणं या प्रयोगाने उचलून धरलं. एडिनबर्ग विद्यापीठानेच 2022 मध्ये आठ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी अशा वेगळ्या जडणघडणीच्या मेंदूंविषयीचा एक अभ्यासक्रम खुला केला. तो निदान झालेल्या मुलासाठी वेगळा नाही, सगळ्या वर्गाने मिळून शिकायचा आहे.

आपल्याकडे कायदा बऱ्यापैकी पुढे आहे. महाराष्ट्राने 1996 पासून अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली: जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मारणं आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत. ‘ढ’ म्हणून वर्गासमोर उभं करणं दुसऱ्या प्रकारात मोडतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकार मानले, त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. एडीएचडी मात्र त्या यादीत नाही, त्यामुळे त्या मुलांच्या पालकांना अजूनही मुख्याध्यापकांच्या चांगुलपणावर अवलंबून राहावं लागतं. सवलतीचा कागद मिळाला तरी वर्गात ‘हिला काय, लेखनिक मिळतो’ असं हसणारे असतातच. म्हणून सवलत कशासाठी आहे, हे वर्गशिक्षिकेने सगळ्यांना आधी सांगितलेलं बरं. एक साधं रंगीत कार्ड, जे टेबलावर ठेवलं की काही न बोलता पाच मिनिटं बाहेर जाता येतं, हे कुठल्याही शाळेला परवडण्यासारखं आहे. फक्त ते हवं त्या मुलाला वापरता यावं. एकालाच दिलं तर ते कार्ड ओळखीची खूण बनतं आणि ज्याच्यासाठी दिलं तोच ते वापरत नाही.

काही खुणा दिसल्या की घरगुती उपायांवर थांबू नये. शाळेच्या विचारानेच रोज उलटी किंवा पोटदुखी, आवडीचा छंद अचानक सोडणं, झोप आठवडेच्या आठवडे बिघडणं, स्वतःला चावणं किंवा डोकं आपटणं वाढणं, ‘मी नसतो तर बरं’ असं काही बोलणं. हे शेवटचं वाक्य गमतीत म्हटलं असेल असं कधीच धरू नये. अनेक जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली लहान मुलांच्या तपासणीचं केंद्र असतं, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांकडे जाताना प्रगतिपुस्तकापेक्षा दोन-तीन आठवड्यांची साधी नोंदवही जास्त उपयोगी पडते: भडका किती वाजता उडाला, त्याआधी काय घडलं होतं, किती वेळ चालला, आणि नंतर मूल स्वतःहून कुठे जाऊन बसलं.